शाळेचा अधिकार कोणाच्या हाती?

(धम्मवर्गाच्या समारोपप्रसंगी दिलेले व्याख्यान)



धम्मवर्गाच्या समारोपाला एका वकिलाने शाळेच्या कारभाराविषयी बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आपण ज्या धम्माला शरण गेलो, त्यात शीलाबरोबर प्रज्ञेला मानाचे स्थान आहे. घरात त्रिशरण म्हटले जाते आणि त्याच घरातील मूल पाचव्या इयत्तेत गेले तरी धडा सरळ वाचू शकत नाही, अशी स्थिती असेल तर आपली धम्मदीक्षा अर्धीच राहिली असे मी म्हणेन. आपली अनेक मुले आजही जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांत शिकतात. त्या शाळांचे जे होईल तेच आपल्या पुढच्या पिढीचे होणार आहे.

ह्या शाळा सुधारण्यासाठी हल्ली एक मागणी वारंवार केली जाते. वरून सुटणाऱ्या परिपत्रकांचे ओझे कमी करावे आणि शाळेतील शिक्षक, मुख्याध्यापक व पालक ह्यांना अधिक अधिकार द्यावेत, अशी ती मागणी आहे. आपण तिला पाठिंबा द्यावा काय? माझे उत्तर असे की, द्यावा. परंतु अटी घालून द्यावा. ह्या अटी का घालावयाच्या, हे आपला इतिहासच सांगतो.

१८५६ साली धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळा सरकारच्या खर्चाने चालत होती. तरीही, ह्याला घेतले तर इतरांच्या दृष्टीने शाळा निरुपयोगी होईल, ह्या कारणावरून त्याला दार बंद झाले. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक एकाच जातीचे आहेत, ते शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, तेव्हा ज्या समाजाला शिकवावयाचे त्याच समाजातून शिक्षक तयार करा, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षक स्थानिक असावा, ही मागणी इतकी जुनी आहे आणि ती आपल्याच परंपरेतील आहे.

पुढे १९२३ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळांचा ताबा प्रांतिक सरकारकडून नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डांकडे गेला. नावाने तो लोकांच्या हाती अधिकार देणारा कायदा होता. १९२८ साली परमपूज्य बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला शिक्षणविषयक निवेदन सादर केले. हा कायदा रद्द करून शाळा बोर्डांकडे सोपविणे थांबविले नाही तर अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे त्यांनी त्यात स्पष्ट बजावले.

बाबासाहेबांनी हा विरोध का केला, हे नीट समजून घेतले पाहिजे. लोकांच्या हाती सत्ता जाण्याला त्यांचा विरोध नव्हता. साऱ्या आयुष्यभर ते त्यासाठीच झगडले. प्रश्न होता तो ते लोक कोण, हा. ज्या बोर्डात आपला माणूस नाही, ज्या कायद्यात सक्ती करणे न करणे बोर्डाच्या मर्जीवर आहे, त्या बोर्डाच्या हाती शाळा देणे म्हणजे गावातील बलिष्ठ जातीच्या हाती आपली मुले देणे होय. म्हणूनच सक्तीचे शिक्षण बंधनकारक करा आणि शाळाप्रवेशाची अंमलबजावणी कडकपणे करा, ही मागणीही त्यांनी त्याच निवेदनात केली. हक्काची हमी नसता स्थानिक सत्ता मिळाली की तिचा जुलूम होतो, हा त्यातील धडा आहे.

मग आज काय बदलले? २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद २१-अ घटनेत आला. २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचे शिक्षण आता कोणा बोर्डाच्या मर्जीवर राहिलेले नाही. त्याच कायद्याच्या कलम २१ ने विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत; निम्म्या जागा स्त्रियांच्या असल्या पाहिजेत; आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. शाळेचे कामकाज पाहणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, ही समितीची कामे होत.

येथे एक शंका नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे हटकून विचारतात. धर्म बदलल्याने हे प्रतिनिधित्व जाते काय? जात नाही. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला आहे, आणि शिक्षणहक्काच्या कायद्यात वंचित गट म्हणजे कोण हे सांगताना अनुसूचित जातींचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या पालकाने समितीवरील जागा हक्काने मागावी.

आता शिक्षकाकडे वळू. ह्या कायद्याच्या कलम २४ ने शिक्षकावर मोठे कर्तव्य टाकले आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जरूर तेथे त्याला अधिक शिकवावे आणि त्याच्या प्रगतीविषयी पालकांशी नियमित बोलावे, असे हे कलम सांगते. परंतु ज्याला कर्तव्य दिले त्याला ते पार पाडण्याचा अधिकारही द्यावयास हवा. चौथीतील दहा मुलांना जोडाक्षरे येत नाहीत, हे वर्गावरच्या शिक्षकाला कळते. दूरच्या कचेरीला कळत नाही. अशा वेळी महिनाभर वेळापत्रक बाजूला ठेवून वाचनच घ्यावे, असे त्याने ठरविले तर त्याला तशी मोकळीक असली पाहिजे. आज त्याचा वेळ माहिती भरण्यात, तक्ते पाठविण्यात आणि वरून आलेले उपक्रम साजरे केल्याचे फोटो काढण्यात जातो. वास्तविक कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे त्याला देता येतात. आणि मतदारयाद्यांचे काम शिकविण्याच्या दिवशी सामान्यतः देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितले आहे. शिक्षकाचा हा वेळ वस्तुतः आपल्या मुलांचा आहे. त्यासाठी पालकांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

परंतु तीन गोष्टी शिक्षकाच्या, गावाच्या किंवा समितीच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत. पहिली, समता. वर्गात मुलाला कोठे बसविले जाते, मध्यान्ह भोजन कोण शिजविते आणि पंगत कशी बसते, ह्यांवर ठराव होऊ शकत नाही. वंचित गटातील मुलाशी भेदभाव होऊ न देणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आणि कलम १७ ने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. दुसरी, धर्म. घटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त अथवा अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून मुलाला पूजेला हजर राहावयास लावता येत नाही. समितीचे बहुमत येथे चालत नाही. तिसरी, पैसा आणि शिक्षकांची संख्या. प्राथमिक वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देणे हे शासनावर बंधनकारक आहे. अधिकार गावाला दिले, आता खर्चही गावाने पाहावा, असे कोणी म्हणू लागला तर ते अधिकारदान नव्हे, ती जबाबदारी झटकणे होय.

ह्या अटींचे रक्षण समितीबाहेर उभे राहून होणार नाही. अनेक ठिकाणी समिती केवळ कागदावर असते. नावे आधीच ठरतात आणि आपल्या भगिनीच्या घरी वही पाठवून सही किंवा अंगठा घेतला जातो. भगिनींनो, न वाचलेल्या कागदावर सही करू नका. पालकसभेची तारीख विचारा, सभेला जा, उभ्या राहा. इतिवृत्त वाचून दाखवावयास सांगा. अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले, हे विचारा. कोणी सांगितले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. मुलाच्या हक्काला बाध आला तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा, आणि त्याविरुद्ध राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीची पोच मात्र घेतल्यावाचून राहू नका.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी एका गोष्टीचे स्मरण करून दिले होते. भिक्षुसंघाला बैठकीचे नियम, ठराव, गणपूर्ती आणि मतदान हे सर्व ठाऊक होते. तेव्हा गणपूर्ती मोजणे, ठराव मांडणे, मत देणे हे आपल्याला परके नाही. तो आपल्याच संघाचा वारसा आहे. विहारात आपण जी शिस्त पाळतो तीच शाळेच्या समितीत नेली पाहिजे. १९२८ साली बोर्डाच्या खुर्च्यांवर आपण नव्हतो, म्हणून बाबासाहेबांना विरोध करावा लागला. आज कायद्याने आपली खुर्ची मांडून ठेवली आहे. ती रिकामी राहिली, तर तिच्यावर कोण बसेल हे मी आपणांस सांगावयास नको.

जय भीम! नमो बुद्धाय!