घरमा आणि घरात



बोलीच्या बाबतीत पाचोरा हे मोठं गमतीचं गाव आहे. चाळीसगाव-भडगावकडचा माणूस अहिराणी बोलत येतो, जामनेरकडचा तावडी बोलत येतो. बाजाराच्या दिवशी दोघं एकाच पाटीवरच्या वांग्यांचा भाव पाडतात आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते शाळेच्या वहीत. तिथे लाल पेन निघतं. आज अध्यक्ष म्हणून बोलायचं आहे ते त्या पेनाबद्दल, कारण समोर बसलेले निम्मे लोक शिक्षक आहेत आणि ते त्यांच्या खिशात आहे.

पाचवीतल्या एका पोराने निबंधात लिहिलं, 'मन्हा बाप घरमा नही.' दुसऱ्याने लिहिलं, 'माझे वडिल घरी नाहित.' दोघांच्याही वाक्याखाली आपण सारखीच रेघ ओढतो. माझ्या मते चूक एकट्या दुसऱ्याची आहे. पहिल्याने मराठीच्या तासाला अहिराणी लिहिली. जागा चुकली म्हणा हवं तर, पण वाक्य चोख आहे. पटत नसेल तर त्याच्या आजीसमोर 'मन्ही बाप' म्हणून बघा. ती म्हातारी शाळेची पायरी चढलेली नसेल, पण हसून तुम्हाला तिथल्या तिथे दुरुस्त करेल.

'घरमा'तला 'मा' हा 'घरात'मधला 'त' मोडून झालेला नाही. तोच प्रत्यय जवळजवळ तसाच गुजरातीत आहे. 'गावना', 'गावनी'मधले ना-नी हेही तिकडचेच सोयरे. आपल्या पोराला आपण नापास करायचं, तर सुरतेपासून भूजपर्यंत सगळ्यांनाच करावं लागेल! भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननं भारताच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला. खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, मात्र १९०७ साली नवव्या खंडात, भिली भाषांच्या सोबत छापली. त्याचं वर्गीकरण सगळ्यांनी मानलं असं नाही, मीही ते डोळे मिटून मानत नाही. पण ज्या बोलीची कुळी ठरवताना विद्वान भांडतात, तिला 'अशुद्ध मराठी' म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. जनगणनेत २००१ साली वीस लाखांवर लोकांनी खान्देशी ही मातृभाषा नोंदवली होती. २०११ साली तो आकडा साडेअठरा लाखांच्या आसपास आला. नोंद करण्याच्या पद्धतीचाही त्यात हात असेल, पण घरात अहिराणी बोलणारा माणूस मास्तरांसमोर ती का गिळतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता 'ळ' घ्या. आपल्याकडे शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, फळाचं फय. हे लहरीनं होत नाही, ओळीनं होतं. मास्तरनं 'य म्हणू नकोस, ळ म्हण' एवढंच दरडावलं, कुठे आणि का ते सांगितलं नाही, की बिचारं पोर 'पायात काटा'चं 'पाळात काटा' करून ठेवतं. हा शब्द त्याच्या बोलीत नाही आणि मराठीतही नाही. तो आपण त्याच्या तोंडात घातला.

हाच 'य' बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत आहे. त्या १८८० साली आसोद्याला जन्मल्या, १९५१ साली गेल्या. अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव याच्यामुळे ती गाणी आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं.  एखाद्या कर्तबगार मुद्रितशोधकानं त्या पुस्तकातला प्रत्येक 'य' खोडून 'ळ' बसवला असता, तर काय हाती लागलं असतं? आज आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, आणि त्याच विद्यापीठाच्या परीक्षेला बसणारी मुलगी वर्गात बोलायला लाजते.

मात्र 'आमची बोलीच तशी' ही पळवाट मी कुणाला वापरू देणार नाही. गावोगावच्या फ्लेक्सवर 'भव्य कवीसंमेलन' असतं, 'हार्दीक शुभेच्छा' असतात, लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' असतो. यात बोली कुठे आली? आसोद्याच्या बाईनं ही चूक केली नाही. ती करणारे आपण पदवीधर. 'कवी' दीर्घ आणि 'कविसंमेलन' ऱ्हस्व, हे कानाला कळत नाही, ते पाठच करावं लागतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली चार वाढवले, शासनानं ते स्वीकारले. त्याआधीची माणसं 'कवि' लिहीत आणि ते बरोबर होतं. म्हणजे हा करार आहे. करार बदलता येतो, त्यावर भांडताही येतं. पण सही करून मोडायचा नसतो. बातमी, अर्ज, सातबारा, औषधाची चिठ्ठी यांत तो पाळलाच पाहिजे.

फक्त त्याचा सोटा करू नका. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. फुले काय विचारत होते, त्याचं उत्तर त्या टवाळीनं मिळालं नाही. गंमत म्हणजे आपल्या लेखननियमांत जुनं गद्य मुळाबरहुकूम छापण्याची सूट आहे आणि तिची हद्द 'चिपळूणकरपूर्व' अशीच घातली आहे.

शेवटी अहिराणीत लिहिणाऱ्यांशी दोन शब्द, जरा कडू. आपल्याकडे एकच क्रियापद कुणी 'ऱ्हायना' लिहितो, कुणी 'रायना', कुणी 'ह्रायना'. एकाच कवितासंग्रहात तिन्ही सापडतात. बोलीला व्याकरण आहे असं आपण भांडून सांगायचं आणि लिहिताना कानाला येईल ते ठोकायचं, हे चालायचं नाही. दुपारच्या सत्रात परिसंवाद ठेवला आहे. तिथे बोलीच्या थोरवीवर भाषणं कमी करा, फळा मागवा आणि या तीन रूपांपैकी कोणतं ठेवायचं ते ठरवा. मग 'मन्हा'तला 'न्ह' घ्या. एका दुपारी दहा शब्द झाले तरी पुष्कळ. मी मागच्या रांगेत बसतो. अध्यक्षाचा शेरा लागणार नाही.