बिनमांसाचा बर्गर आणि आपली सोयाबीनची वडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी प्राध्यापिका नाहीतर डॉक्टरीणबाई व्याख्यानाला येतात आणि मी मागे चहाच्या पातेल्याजवळ उभी असते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु यंदाचा विषय चुलीजवळचा निघाला, म्हणून कार्यकारिणीने मला पुढे ढकलले. बोलण्यात कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय कसा निघाला ते बहुतेकींस ठाऊक आहे. एका व्यापाऱ्याने आपल्या गृहोद्योग विभागास विचारले की, पापड-कुरडयांबरोबर ‘शाकाहारी मटणा’च्या टिक्क्या करून द्याल काय? अमेरिकेत लोक म्हणे गोमांस टाकून अशाच टिक्क्यांवर तुटून पडले आहेत, आता इकडेही तेच होणार. त्यासाठी एक यंत्र कर्जाने घ्यावे लागेल. आपल्या अठरा जणींच्या संसाराला त्या विभागाचा हातभार आहे. तेव्हा त्यांचे म्हणणे खरे किती, हे पाहूनच कर्जाच्या कागदावर सही करावी, असे मला वाटले.

गोमांस हा शब्द ऐकून काहीजणींनी पदर तोंडाला लावला, तो मला येथून दिसतो. पण आपण ज्या जिव्हाळ्याने भाकरी खातो, त्याच जिव्हाळ्याने अमेरिकेतला माणूस गोमांसाचा बर्गर खातो. गोल पाव मधोमध चिरायचा आणि आत खिम्याची चपटी टिक्की भाजून घालायची, एवढाच तो पदार्थ. आपल्याकडे १९९६ साली ती अमेरिकन दुकाने दिल्लीला आणि मुंबईत वांद्र्याला निघाली, तेव्हा त्यांनाही गोमांस बाजूला ठेवून बटाट्याची टिक्की पावात घालावी लागली. आपला वडापाव तोवर तीस वर्षे विकला जात होता, हे जाता जाता सांगते.

माझी पुतणी अमेरिकेत असते. दिवाळीत आली होती तेव्हा तिला खोदखोदून विचारले. राहिलेले मुलाने वाचून दाखविले. तो शेतकी महाविद्यालयात आहे.

तिकडे दोन कंपन्या मुख्य. एक ‘बियाँड मीट’, २००९ सालची. ती वाटाण्यातील प्रथिने काढून टिक्की करते, रंगाला बीटाचा रस घालते आणि स्निग्धपणाला २०२४ पर्यंत खोबरेल घालीत असे. दुसरी ‘इम्पॉसिबल फूड्स’, पॅट्रिक ब्राउन नावाच्या प्राध्यापकाने २०११ साली काढलेली. तिचा बर्गर २०१६ साली न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात प्रथम मिळू लागला. या ब्राउनसाहेबांनी विचार केला की, मांसाला मांसाची चव येते ती कशाने? तर रक्तातल्या लोहयुक्त तांबड्या द्रव्याने. तेच द्रव्य वनस्पतीत कोठे सापडेल?

आणि भगिनींनो, ते सापडले सोयाबीनच्या मुळाशी! खुरपताना आपण सोयाबीन उपटतो तेव्हा मुळांवर बारीक गाठी दिसतात ना? ताजी गाठ नखाने फोडून पाहा, आत गुलाबी-तांबूस दिसते. आपल्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याचे ते चुलतभावंड आहे. जन्मभर खुरपे धरले, पण गाठ फोडून पाहावी असे कधी मनात आले नव्हते. या श्रावणात पाहिली. मुळे उकरून एवढा माल कोठून मिळणार, म्हणून त्या लोकांनी सोयाबीनमधला तो गुणधर्म यीस्टमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या किण्वात, उतरविला आणि पिंपांत आंबवून ते द्रव्य काढले. बीजात असा फेरफार केलेले अन्न पुष्कळांना नको असते, तीही एक अडचण झाली.

आता बाजाराचे पाहू. २०१९ साली खरोखरच डंका वाजला. ‘बर्गर किंग’च्या दुकानांत त्या ऑगस्टपासून अमेरिकेत सगळीकडे हा बर्गर मिळू लागला. ‘बियाँड मीट’चा समभाग मे महिन्यात २५ डॉलरला निघाला आणि जुलैत २३० च्या वर गेला. २०२० च्या साथीत मांसाचे कारखाने बंद पडले, तेव्हा खप आणखी वाढला. आपले व्यापारी सांगतात ती हकीकत एथवरची आहे. पुढची त्यांनी सांगितली नाही. मॅकडोनाल्डने २०२२ साली अमेरिकेतल्या सुमारे सहाशे दुकानांत असा बर्गर ठेवून पाहिला आणि थोड्याच महिन्यांत ती चाचणी आवरती घेतली. ‘बियाँड मीट’ची विक्री २०२१ साली सुमारे ४६ कोटी डॉलर होती, ती २०२४ साली ३३ कोटींच्या आत आली. २०२५ च्या ऑक्टोबरात तो २३० चा समभाग एका डॉलरलाही महाग झाला.

असे का व्हावे? पुतणी म्हणाली, “काकू, एकदा सगळ्यांनी नवल म्हणून खाल्ले. दुसऱ्यांदा घेताना किंमत पाहिली.” माझ्या मते मेख तेथेच आहे. हा बर्गर गोमांसापेक्षा महाग.

येथे मला डालड्याची आठवण होते. १९३७ साली डालडा बाजारात आला, तोही तुपाची नक्कलच होता. त्याला तुपाची चव आहे असे आमच्या आजीने कधी कबूल केले नाही, तरी पिवळा डबा घरात आला, कारण तो स्वस्त होता. नक्कल स्वस्त असली म्हणजे चवीत उणी असूनही खपते. नक्कल महाग आणि चवीत जेमतेम बरोबरीची, तर ती कोण घेईल? (डालड्यासारख्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स-चरबीने हृदयाला अपाय होतो हे पुढे कळले आणि २०२२ पासून सरकारने ती शंभरात दोन भागांवर आणून ठेवली. तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून घ्यावेच, असेही नाही.)

गंमत अशी की, अमेरिकेत गोमांसही आता फार महागले आहे. दुष्काळ पडले, गुरे विकली गेली. २०२५ च्या जानेवारीत तेथे गाई-बैल मिळून ८ कोटी ६७ लाख उरले, १९५१ नंतर इतके कमी कधी नव्हते. तरी लोक वाटाण्याच्या टिक्कीकडे वळले नाहीत. अर्थात केवळ पैशाचा प्रश्न नसावा, जिभेचाही असावा.

जिभेबद्दल मात्र मला थोडे कळते. आपल्याकडच्या मटणात निम्मी चव मसाल्याची असते. येसर, भाजलेले खोबरे, लसूण, कांदा घालून रस्सा केला की कोवळा फणस मटणाच्या पंगतीत खपून जातो, हे कोकणातल्या बायकांना विचारा. अमेरिकन टिक्कीत मीठ आणि मिरपूड, बाकी काही नाही. तेथे खुद्द मांसाचीच नक्कल करावी लागते. त्यांचे काम आपल्यापेक्षा फार कठीण आहे, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

प्रकृतीला कोणते बरे? सव्वाशे ग्रॅमच्या आतल्याच एका टिक्कीत दोहोंकडे प्रथिने सारखी, सुमारे १९-२० ग्रॅम. कोलेस्टेरॉल वनस्पतीच्या टिक्कीत मुळीच नाही. पण मीठ पुष्कळ, आणि ‘इम्पॉसिबल’मध्ये खोबरेलामुळे घट्ट होणारी चरबी पूर्वी ८ ग्रॅमपर्यंत असे, म्हणजे गोमांसाच्या जवळपास. स्टॅनफर्डला २०२० साली छत्तीस माणसांवर आठ-आठ आठवडे प्रयोग केला, त्यात अपायकारक कोलेस्टेरॉल व वजन थोडे उतरले. त्या प्रयोगाला पैसा कंपनीनेच दिला होता. सुईणीने आपल्याच नातवाचे कौतुक करावे तसे ते, तरी अगदी टाकाऊ म्हणणार नाही.

जमीन व हवेचा हिशेब मात्र गाईच्या विरुद्ध जातो, हे मान्य करावे लागते. रवंथ करताना गुरांच्या पोटातून निघणारा वायू हवा तापवितो. शिवाय गुराला घातलेल्या खाद्यातली शंभर भाग प्रथिने धरली, तर मांसात तीन-चारच भाग उतरतात. माणसाला न पचणारे गवतही गुरे खातात, ही त्यांची जमेची बाजू. पण दाणा घालून पोसलेल्या गुराला ती पुरती लागू पडत नाही.

आता आपल्या लातूरकडे येते. सोयाबीन आपल्या दारात पिकते. त्याचे तेल निघते आणि पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्याच तेल काढलेल्या पिठाची वडी होते, तिच्यात शंभर ग्रॅमला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. बी-१२ जीवनसत्त्व तिच्यात नसते, ते दूध-दह्यातून घ्यावे लागते. आपल्या ज्या घरांत महिन्यातून एकदाही मटण येत नाही, त्या घरांतल्या वाढत्या पोरांना त्या वडीची गरज अमेरिकेतल्या माणसाहून अधिक आहे. पण मुले तिला नाके मुरडतात. कारण आपण ती नुसती भिजवून रश्शात टाकतो. मिठाच्या पाण्यात उकळी आणावी, गार पाण्यात घालून दोनतीनदा घट्ट पिळावी, म्हणजे तो कच्चट वास जातो. मग खिम्यासारखी भरड करून कांदा, आले-लसूण आणि भिजवलेली हरभरा डाळ वाटून घालावी व तव्यावर कडेने तेल सोडून टिक्की लाल करावी. ती ‘मटण’ म्हणून वाढू नये. वड्याच्या टिक्क्या म्हणूनच वाढावी. खाणाऱ्याच्या मनात तुलना आली की ती हरते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून कर्ज काढून ते यंत्र घेण्यास माझी संमती नाही. ज्या बाजारात कोट्यवधी डॉलर ओतून कंपन्यांचा जम बसला नाही, तेथे आपली अठरा जणींची पुंजी लावू नये. पाकिटावर ‘मटण’ हा शब्द छापण्यासही माझा विरोध आहे. परंतु टिक्क्या आपल्या पाट्यावर आणि आपल्या तव्यावर करून, आठवडी बाजारात आणि शाळेच्या दाराशी विकून पाहाव्यात, असे मी सुचविते. दर पावासकट असा ठेवावा की वडापावाच्या गाडीवर उभा राहणारा पोरगा आपल्याकडेही वळेल.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या स्वयंपाकघरात दोन किलो वड्यांचा पहिला घाणा काढणार आहे. कोथिंबीर आणि लिंबे ज्यांच्या परसात असतील त्यांनी आणावीत. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी तर अवश्य यावे, आणि खाऊन झाल्यावर काय वाटले ते हिशेबाच्या वहीत लिहून जावे.