डोकेदुखीची रोजकीर्द

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी इतरांनी सांगितल्याच आहेत. मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. म्हणून सौ.ची परवानगी घेऊन घरातलीच गोष्ट सांगतो.

तिला तिशीपासून अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. डोक्याची एक बाजू ठणकायची, मळमळायचं, उजेड नको, आवाज नको. दार लोटून, कपाळाला फडकं बांधून पडायची. असा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. मी म्हणायचो, "पाहुणे यायचे म्हटलं की बरं तुझं डोकं दुखतं!" बँकेत दोन रुपयांचा फरक आला तर रात्री दहापर्यंत शोधणारा मी. घरातला हा फरक वीस वर्षं शोधला नाही. आज चारचौघांत ही चूक कबूल करतो.

पुढे परभणीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं आणि वही ठेवायला सांगितली. झोप किती, जेवण कधी, पाणी, ऊन, पाळी, गोळी, सगळं तारखेनिशी. वही मी लिहायची ठरलं. रोजकीर्द लिहिण्यात आमचा हात कोण धरणार!

तीन महिन्यांत हिशेब दिसू लागला. नुसता उपवास तिला बाधत नव्हता, नुसतं ऊनही नाही. पण एकादशीला चहावरच दुपार काढलेली, आदल्या रात्री उकाड्यानं झोप नाही आणि त्यात भर दुपारच्या मुहूर्ताचं लग्न, असं सगळं एकत्र आलं की संध्याकाळी झटका ठरलेला. मानवतचा वैशाख तुम्हाला ठाऊकच आहे. वर बँडचा दणका आणि अत्तराचा वास.

पाहुण्यांचंही कोडं सुटलं. पहाटे चारला उठणं, फोडणीचा ठसका, मनावर ताण आणि सगळ्यांच्या पंगती उठल्यावर तीन वाजता पहिला घास. नाटक नव्हतं ते.

डॉक्टर म्हणाले, अशा डोक्याला फेरबदल सोसत नाही. कमी झोप चालत नाही, तशी सुट्टीच्या दिवशी दहापर्यंतची झोपही चालत नाही. रोजचा चहा एकदम बंद केला तरी डोकं उठू शकतं. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिलं, तर त्या गोळीनंच डोकेदुखी वाढते. आमच्या डब्यात अशी पाकिटंच्या पाकिटं होती.

एकादशी सोडली नाही. मध्ये-मध्ये फळ, ताक, राजगिऱ्याचा लाडू सुरू केला. उन्हात छत्री, सोबत पाण्याची बाटली. झोपायची-उठायची वेळ एकच. सगळ्यात अवघड होतं तिनं वेळेवर जेवणं. "घरची माणसं जेवायच्या आधी मी कशी बसू?" शेवटी मीच दोन ताटं वाढून घ्यायला लागलो. झटके पूर्ण गेले नाहीत, पण पुष्कळ कमी झाले.

हा त्रास घराण्यात उतरतो. आता नात दहावीला आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी उपाशीपोटी क्लास. तिचंही डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांना दाखवलं आणि तिच्या हातात वही दिली. तिला 'नाटक करते' असं म्हणायची घरात कुणाची टाप नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. डोकं अचानक कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, बोबडी वळली, तोंड वाकडं झालं किंवा हातापायातली शक्ती गेली, तर वही बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तरी अंगावर काढू नका.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. स्पीकरचा आवाज थोडा कमी करा, आणि आज पहिली पंगत सकाळपासून राबणाऱ्या आपल्या महिला मंडळाची बसवा. वाढायला मी आहे. साडेबारा वाजलेत, म्हणून थांबतो.