मुलांच्या निबंधातील ‘छान’



मुलांच्या निबंधांत सहल छान, आंबा छान आणि पाऊसही छान असतो. तो शब्द नुसता खोडून भागत नाही. ‘पाऊस’ काढून ‘पर्जन्य’ लिहविल्यानेही वर्णनात भर पडत नाही. शब्द बदलतो, पाहणे तेवढेच राहते.

म्हणून आधी विचारावे : पाऊस कसा आला? भुरभुर होती, सर होती, की झड लागली होती? वैशाखातला वळीव होता, की आषाढातली संततधार? मूल आठवू लागते आणि नेमका शब्द पुढे येतो. पुष्कळदा तो त्याच्या घरचाच असतो. त्याला अशुद्ध म्हणून हसू नये. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यांत शेतीचे व बलुत्याचे शब्दही साक्षेपाने नोंदलेले आहेत.

आठवड्यातून एकदा फळ्यावर असे एकच वाक्य लिहावे, मुलांकडून शब्द मागवावेत व ते वर्गाच्या वहीत उतरवून ठेवावेत. ज्या मुलाचा घरचा शब्द शाळेत नाकारला जातो, ते पुढे ‘छान’पलीकडे काही लिहावयास धजत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.