हत्यार कोणाचे?



हत्यार देखणे असावे, पण आधी ते हाताला बसावे, हे मला कामगारांनी शिकवले. लिनक्स संगणकावरील ‘ग्नोम’ या पडद्याच्या मांडणीची तिसरी आवृत्ती एप्रिल २०११ मध्ये निघाली. खिडकी खाली सारण्याची व मोठी करण्याची बटणे काढली. उघड्या खिडक्यांची खालची पट्टीही गेली. पडदा स्वच्छ झाला. वर्षानुवर्षांची हाताची सवय मोडली.

कारखान्यात न विचारता यंत्र बदलले, तर आमच्या हाती संपच उरतो. इथे जुन्या मांडणीचा आराखडा खुला होता. वापरणाऱ्यांनी त्याच वर्षी तो उचलला आणि ‘माते’ या नावाने पुढे चालवला. आजही तो चालतो. म्हणून सांगतो, नुसत्या रूपावर भांडू नका. हत्यार दुरुस्त करण्याचा हक्क कोणाकडे आहे, ते आधी विचारा.