नळी कुणाच्या नाकाशी?

(चोपडा येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



धूर मोजतात कसा, एवढंच आज बोलणार आहे. मोजणं हे साहेबांचं काम, असं आपण धरून चालतो. पण नळी कुठं धरायची हे जो ठरवतो, त्याच्या हाती निम्मा निकाल असतो.

आपल्या जिल्ह्यातली दीपनगरची चिमणी घ्या. कोळशाच्या अशा चिमणीला भोक ठेवलेलं असतं. त्यातून नळी घालून, धूर ज्या वेगानं वर जातो त्याच वेगानं तो ओढतात. वेग चुकला तर जड कण कमीजास्त येतात. मध्ये गाळणकागद. तो आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेनं भागायचं. त्या आकड्याला डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनं मर्यादा घातली आहे.

चुलीला अशी मर्यादा कोण घालणार? कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत हाच गाळणकागद स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर, श्वासाजवळ लावला. छोटा पंपही अंगावरच. १९८३ साली आकडा छापला गेला : घनमीटरला सरासरी सात मिलिग्रॅमच्या आसपास कण. आज बाहेरच्या हवेतल्या बारीक कणांना दिवसाची मर्यादा एक दशांश मिलिग्रॅम आहे. तुलना अगदी सरळ नाही, कारण तिथं सगळे कण मोजले होते, तेही स्वयंपाकाच्या वेळेतले. तरी अंतर पाहा!

पुढं यंत्र भिंतीला टांगायची पद्धत पडली. चुलीपासून एक मीटर, जमिनीपासून जवळपास दीड मीटर. म्हणजे उभ्या बाईचं नाक. कळण्याची भाकरी आपण उभ्यानं थापतो का? धूर वर साठतो, म्हणून टांगलेल्या यंत्राचा आकडा कधी जास्तही निघेल. पण फुंकणी घालताना तोंड विस्तवाशी असतं, ते त्याला कळत नाही. प्रयोगशाळेत तर वाळलेली, एकसारखी लाकडं लावून नुसतं पाणी उकळतात. पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या तिथं कुठल्या!

थोरल्या बायांना दगडी कोळशाची शेगडी आठवत असेल. अंगणात पेटवायची, धूर सरला की आत घ्यायची. निखारा लाल झाला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना रंग ना वास, गाळणकागदावरही तो येत नाही. त्याचं यंत्र वेगळं लागतं.

२०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर आले. त्यात नोंद होते जोडणीची. सिलिंडर महाग पडला म्हणून पुन्हा पेटलेली चूल त्या नोंदीत नसते.

तेव्हा मोजणारे घरी आले तर चहा द्या, पण यंत्र कुठं लावता, कोणत्या महिन्यात, भाकरीच्या वेळी की नंतर, हे विचारा. आणि आलेला आकडा त्या घरच्या बाईला सांगून जा, असं बजावा.