पाण्यापर्यंत जाणारे निदान



अध्यक्षपदाचा मान दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने सगळ्या शास्त्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे : माणसाला होणारा पर्णकृमींचा, म्हणजे फ्लूकचा संसर्ग.

सुरुवात आपल्याच भूमीपासून करतो. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र असल्याचे दाखवून दिले. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोत ज्या पर्णकृमीचा शोध लावला, त्याचा आफ्रिकेचा म्हणून ओळखला जाणारा आजार कोकणातल्या एका खेड्यात सापडला होता. लघवीत रक्त आणि रक्तासोबत अंडी, एवढ्यावर निदान पुरे झाले असते. पण अंडे गोड्या पाण्यात फुटते, त्यातली अळी गोगलगाईत वाढते, तिथून बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते. आफ्रिकेत हे काम बुलिनस गोगलगाई करतात. मग गिमवीत कोण करते? गाडगीळ आणि शहा यांच्या पुढच्या कामातून फेरिसिया टेन्युइस ही अगदी बारीक गोगलगाय पुढे आली. रुग्णापासून पाण्यापर्यंत गेलेले हे निदान मी वैद्यकाचा आदर्श मानतो. औषधाने रुग्ण बरा होतो. गाव बरे करायचे तर पाणवठ्यावर जावे लागते.

पालघर तालुक्यातल्या फॅसिओलॉप्सिस या आतड्यातल्या कृमीचा अभ्यासही प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. आपणच तो पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानांवर सोडून दिला.

आज सर्वांत जास्त काळजी वाटावी असा कृमी फुप्फुसातला आहे : पॅरागोनिमस. मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल प्रदेशात नदीनाल्यातले खेकडे कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्याने त्याचा संसर्ग होतो. महिनोन्महिने खोकला, थुंकीतून तांबूस रक्त, एक्स-रेमध्ये छाया. हे चित्र पाहून आपल्या हातून काय लिहिले जाते, ते या सभागृहात सांगायला नको. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी क्षयाचीच औषधे सुरू होतात. क्षयासाठी रंगवलेल्या काचपट्टीवर या कृमीची अंडी सहसा दिसत नाहीत. तीच थुंकी न रंगवता सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर टोकाला झाकण असलेली सोनेरी तपकिरी अंडी दिसू शकतात. एका बाजूला सहसा सहा महिन्यांचा क्षयोपचार, दुसऱ्या बाजूला दोन-तीन दिवसांचे प्राझिक्वांटेल. मधले अंतर एका प्रश्नाचे आहे : खेकडे खाता का, आणि कसे शिजवता?

हा प्रश्न ईशान्येतल्या डॉक्टरांपुरता नाही. तिकडची मुलेमुली शिकायला, नोकरीला पुण्यामुंबईत येतात आणि खोकला घेऊन आपल्याच दवाखान्यात बसतात. त्यांना हा प्रश्न आदराने विचारावा. कोणाच्या ताटाला नाक मुरडणारा डॉक्टर खरे उत्तर मिळवू शकत नाही. खेकडा खाऊ नका असे सांगण्याची गरज नाही. तो पूर्ण शिजवा आणि कच्चा खेकडा साफ केल्यावर हात, सुरी, पाट धुवा, हे सांगणे पुरेसे आहे. खारवल्याने किंवा मुरवल्याने अळी मरेलच याची खात्री नसते, हेही सांगावे.

आता पाण्याबद्दल. घानात १९६५ मध्ये अकोसोम्बो धरण पूर्ण झाले, व्होल्टा सरोवर पसरले आणि त्याच्या काठच्या मुलांमध्ये मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस फोफावला. वीज आली, शेती आली, गोगलगाईंना संथ पाणी आणि पाणवनस्पतीही मिळाल्या. महाराष्ट्र हा धरणांचा प्रदेश आहे. मी धरणांच्या विरोधात बोलत नाही. साठलेल्या पाण्यात कोणत्या गोगलगाई वाढतात, याची नोंद ठेवणारा माणूस हवा, एवढेच म्हणतो. तो माणूस प्राणिशास्त्र विभागात आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयाने त्याला बोलावणे बंद केले आहे. गोगलगाई ओळखणारी पिढी निवृत्त झाली की ती विद्या विकत मिळणार नाही.

म्हणून या परिषदेपुढे तीन मागण्या ठेवतो. पहिली, क्षयाचे जंतू न सापडलेल्या, पण थुंकीतून रक्त पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या इतिहासात आहाराचा प्रश्न असावा आणि न रंगवलेली थुंकी एकदा तरी पाहिली जावी. दुसरी, तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात कृमींची अंडी ओळखण्याचा सराव प्रत्यक्ष नमुन्यांवर व्हावा. तिसरी, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने जवळच्या प्राणिशास्त्र विभागाबरोबर आपल्या परिसरातल्या पाणवठ्यांची पाहणी सुरू करावी.

या मागण्यांना मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते. गिमवीत काम करणाऱ्यांकडे आजची साधने नव्हती, तरीही त्यांनी कोडे सोडवले. त्यांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला कामानेच मिळेल. उद्या समारोपाच्या सत्रात हे तीन ठराव आपण चर्चा करून, हवे तिथे दुरुस्त करून मंजूर करावेत, अशी माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.